कम्युनिटी टँकसाठी (वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवायचं अ‍ॅक्वेरियम) मासे कसे निवडले, माझा अनुभव

१२० लिटरचा टँक, झाडं छान धरलेली, सायकल पूर्ण (माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार झालेले), अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. आता मासे कुठले? भरलेला टँक हवा होता पण भांडणं नको होती, म्हणून इथे मी मुद्दाम भरपूर वेळ घेतला.

रंग बघायच्या आधी पाणी बघितलं. माझा पीएच ७ च्या जरा खाली, हार्डनेस (पाण्यातले क्षार) कमी, आणि एवढ्यावरच यादीतली कितीतरी नावं गळाली. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड, म्हणजे जास्त हार्डनेसचं पाणी मानवतं, गोल्डफिशला तर गार पाणी हवं आणि तो घाणही खूप करतो. पाणी औषधं टाकून बदलत बसण्यापेक्षा आहे त्या पाण्यात खूश राहणारे मासे घ्यावेत, मला तरी हेच पटतं.

मग प्रत्येकाची पूर्ण वाढ किती होते ते बघितलं. दुकानात दिसतात ती बहुतेक पिल्लंच असतात, तो बोटाएवढा बाला शार्क आणि साधा प्लेको दोघंही फूटभर होतात. एंजल मला फार आवडतो, पण तो मोठा झाला की निऑन टेट्रा त्याच्या तोंडात मावतो आणि तोंडात मावला म्हणजे खाल्लाच. टायगर बार्ब आकाराने बसत होता पण दुसऱ्यांचे पंख कुरतडायची सवय, आणि मला गोरामी हवे होते, त्यांच्या लांब मिशा काही शिल्लक राहिल्या नसत्या.

सगळ्यात जास्त विचार केला तो संख्येचा. खूप लोक दहा जातींचे दोन-दोन मासे घेतात, मला ते अजिबात पटत नाही. झुंडीतले मासे दोन-तीनच असले की घाबरून झाडामागे लपतात नाहीतर एकमेकांच्या मागे लागतात. म्हणून जाती कमी आणि प्रत्येकीचे मासे जास्त असं ठरवलं: मधल्या थरात १२ रमी नोज (लाल डोक्याचे छोटे टेट्रा), तळाला ८ कोरी (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश), वरच्या भागात हनी गोरामी एक नर दोन माद्या, आणि काचेवरच्या शेवाळासाठी ५ ओटो (शेवाळ खाणारे छोटे कॅटफिश). कोरीत पांडा जात दिसायला गोड आहे पण तिला थोडं गार पाणी बरं, माझा हीटर २५ वर असतो म्हणून स्टरबाय जातीचे घेतले, त्यांना ऊब चालते.

तळाला बारीक वाळू आधीच टाकली होती, कोरीसाठीच. जवळ बसून बघा एकदा, डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, खायचं ते ठेवतो आणि बाकी वाळू कल्ल्यांमधून बाहेर सोडतो. टोकदार खडी असेल तर याच कामात मिशा झिजतात. मधेच सुर्रकन वर जाऊन हवा गिळून येतो त्याला घाबरू नका, आतड्यातून श्वास घेतात ते, पण सगळेच सारखे वर जायला लागले तर मात्र पाणी तपासा.

सगळे एकदम टाकले नाहीत. प्रत्येक बॅच आधी वेगळ्या छोट्या टँकमध्ये स्पंज फिल्टरवर तीन-चार आठवडे, सफेद ठिपके (माशांचा एक रोग) वगैरे नाहीत याची खात्री झाली की मगच मेन टँक. पुढची बॅच अमोनिया परत शून्य दिसल्यावरच, कारण मासे वाढले की फिल्टरमधल्या बॅक्टेरियांनाही वाढायला वेळ लागतो. आधी कोरी, मग रमी नोज. ओटो नंतर, कारण त्यांना जुन्या टँकमधला शेवाळाचा थर लागतो, नव्या टँकमध्ये उपाशी मरतात. गोरामी सर्वात शेवटी, म्हणजे नराला आधीपासून अख्खा टँक आपला वाटत नाही.

रमी नोजचं डोकं लालभडक असलं की पाणी ठीक, फिकं पडलं की मी आधी टेस्ट किट काढतो. नवीन आणल्यावर थोडे दिवस फिकेच असतात, ते सोडून द्या. कोरींना बुडणाऱ्या गोळ्या लाइट बंद केल्यावर टाकतो, नाहीतर वरचेच सगळं संपवतात.

आता मित्र म्हणतात एपिस्टोची (हा एक छोटा सिक्लिड मासा) एक जोडी टाक, जागा आहे की. पण एपिस्टो अंडी घालतात तळाशी, पिल्लांजवळ कोणी आलं की हल्ला करतात, आणि कोरींना हद्द वगैरे काही कळत नाही, ते मार खात तिथेच फिरत राहतात. टाकलेच तर अजून चार रमी नोज टाकेन.