११ बाय ८ चौकोनांचा खेकडा

माझ्या संग्रहातील पहिल्या प्रिंटवर, म्हणजे कलाकाराने मोजक्या प्रतींत छापलेल्या चित्रावर, एकच आकृती आहे, ती म्हणजे ११ चौकोन रुंद आणि ८ चौकोन उंच असा खेकड्यासारखा परग्रहवासी. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये तैतो कंपनीसाठी घडवलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळातून तो आला आहे. त्या काळच्या यंत्राची क्षमता इतकी तोकडी होती की एवढ्या मोजक्या चौकोनांतच डोळे, नांग्या आणि चाल दाखवावी लागे. (पडद्यावरचे शत्रू कमी होत गेले की उरलेले अधिक वेगाने धावत, कारण तेवढ्यांनाच रेखाटण्याचे काम यंत्राला हलके जाई, खेळातला तो थरार मुळात यंत्राच्या मर्यादेतून आला होता.)

याच आकृत्या इन्व्हेडर या टोपणनावाने काम करणाऱ्या फ्रेंच कलाकाराने १९९८ पासून पॅरिसच्या भिंतींवर छोट्या टाइल्सनी साकारायला सुरुवात केली. एक टाइल म्हणजे एक पिक्सेल, म्हणजेच पडद्यावरच्या चित्रातला एक चौकोन, इतके ते सरळ आहे. या टाइल्स भिंतीवरून उचकटून विकण्याचे प्रयत्न होतात, त्यात त्या बहुधा फुटतात आणि असे उखडलेले काम कलाकार स्वतःचे म्हणून प्रमाणितही करत नाही. भिंतीवरचे चित्र येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचे असते, ते तिथेच राहावे, असे मला मनापासून वाटते. घरी आणायचे असेल तर त्यासाठी कलाकाराने स्वतः काढलेले प्रिंट आहे.

मी शक्यतो स्क्रीन प्रिंटच घेतो. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी ताणलेल्या जाळीची वेगळी चौकट तयार करतात, जिथे रंग नको तिथली छिद्रे बुजवतात आणि रबरी पात्याने शाई दाबून कागदावर उतरवतात. चार रंगांचे चित्र असेल तर तोच कागद चार वेळा, अगदी त्याच जागी, जाळीखाली ठेवावा लागतो. जुन्या खेळांतील सपाट, मोजक्या रंगांना ही पद्धत जणू जन्मतःच जुळते. मात्र चौकोनांच्या चित्रात चूक लपवायला जागा नसते. दुसरा रंग केसभर सरकला तरी दोन पिक्सेलांमध्ये पांढरी फट दिसते किंवा एकावर एक चढलेल्या रंगांची गडद रेघ उमटते. म्हणून मी दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवतो. त्यातून पाहिल्यास इंकजेट प्रिंटमध्ये रंगाचे बारीक शिंतोडे दिसतात, तर स्क्रीन प्रिंटमध्ये शाईचा अखंड थर दिसतो, आणि कागद तिरप्या उजेडात धरला की तो थर किंचित उंचावलेलाही जाणवतो.

खाली पेन्सिलने ३७/१०० असे लिहिलेले असते, म्हणजे १०० प्रतींपैकी ही ३७वी. लहान क्रमांकाची प्रत अधिक चांगली असते, हा समज मला पटत नाही; सह्या करताना प्रती छपाईच्याच क्रमाने लावलेल्या असतील असे नाही. १०० हा आकडा पाळला जाणे, म्हणजे त्याहून जास्त प्रती न छापणे, मात्र मला फार मोलाचे वाटते. खेळाच्या मर्यादा यंत्राने घातलेल्या होत्या, तर आवृत्तीची मर्यादा केवळ कलाकाराच्या शब्दावर टिकते. एकदा मी घेतलेले चित्र काही महिन्यांनी फक्त पार्श्वभूमीचा रंग बदलून नवी आवृत्ती म्हणून विक्रीस आले. नियम कोणताही मोडला नव्हता, तरीही त्या कलाकाराचे प्रिंट मी पुन्हा घेतले नाही.

जपणुकीच्या बाबतीत एक चूक मला आजही सलते. पहिले प्रिंट मी साध्या चिकटपट्टीने पाठीमागच्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते, आणि त्या पट्टीचा पिवळा डाग कागदात कायमचा उतरला. आता मी आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) वापरतो, कागद काचेला टेकणार नाही इतके अंतर ठेवतो आणि अतिनील किरण अडवणारी काच लावतो. तरीही थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर मी काहीच टांगत नाही.

परवा एक नवे, तीन रंगांचे प्रिंट नळीत गुंडाळून आले. ते सध्या आम्लमुक्त कागदांच्या मध्ये, सपाट फळीच्या वजनाखाली ठेवले आहे, आणि त्याची वळी पूर्ण उतरेपर्यंत मी फ्रेमची मापे घेणार नाही.