ग्लू लाकडाला लागायच्या आधीच बिघडतो

सांधा सुटला की सगळे आधी लाकडाला नाहीतर क्लॅम्पला दोष देतात, पण बऱ्याचदा गडबड आधीच झालेली असते, डब्यात नाहीतर मिसळताना.

पांढरा ग्लू, म्हणजे पीव्हीए, फेविकॉल वगैरे, यात प्लास्टिकचे अगदी बारीक कण पाण्यात पसरलेले असतात. पाणी लाकडात जिरतं, थोडं उडून जातं आणि कण एकमेकांना चिकटून थर बनतो. हे कळलं की साठवायचं कसं ते आपोआप कळतं. ग्लू गोठला तर कण डब्यातच एकत्र येऊ शकतात, आणि तो नासलेल्या दुधासारखा फुटला असेल तर कितीही ढवळा, टाकूनच द्यायचा. उन्हात ठेवला किंवा झाकण सैल राहिलं तर घट्ट होत जातो. मोठ्या डब्यातून छोट्या बाटलीत काढून घ्यायचा, मोठा डबा लगेच बंद, आणि उघडल्याची तारीख मार्करने वर लिहायचीच. लोखंडी डब्यात मात्र ओतू नका, हा ग्लू थोडा आम्लधर्मी असतो, त्यात लोह उतरतं आणि टॅनिन (लाकडातला एक तुरट पदार्थ) असलेल्या लाकडावर काळे डाग पडतात. थंडीत काम करताना नुसता ग्लू गरम असून भागत नाही, लाकूडही गार नको, नाहीतर थर नीट जुळतच नाही आणि वाळल्यावर खडूसारखा पांढरा दिसतो. आणि हो, पातळ करायला भसाभस पाणी ओतू नका प्लीज, थर कमजोर होतो.

आता इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव मिसळून करायचा ग्लू. इथे लोक अंदाजाने मिसळतात ते मला अजिबात पटत नाही. हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकेल हा समज चुकीचा आहे, इथे रेझिन आणि हार्डनर ठराविक प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात, जास्तीचा हार्डनर तसाच आत राहतो आणि सांधा मऊ, चिकट होतो. अजून एक, डब्यावर २:१ लिहिलंय ते मापाने की वजनाने ते आधी बघा, दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते त्यामुळे मापाचं प्रमाण वजनकाट्यावर चालत नाही. ढवळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्यायचा, न मिसळलेला माल तिथेच अडकलेला असतो. मिसळून झालं की कपात ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता, कारण रिअॅक्शनची उष्णता कपात कोंडते आणि त्याने तो अजूनच लवकर घट्ट होतो. थंडीत रेझिनमध्ये दाणे धरले तर बाटली झाकण लावून गरम पाण्यात ठेवायची, दाणे विरघळले आणि रेझिन परत स्वच्छ झालं की वापरायला हरकत नाही.

सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला ग्लू, वापरणारे आता कमीच, पण तो आधी थंड पाण्यात भिजवून मग पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांच्या आसपास गरम करायचा, थेट गॅसवर नाही, उकळला की त्याची ताकद जाते.

जुना ग्लू चालेल का अशी शंका असेल तर दोन तुकडे लांबीच्या कडेला चिकटवा, पूर्ण वाळू द्या आणि तोडा. लाकूड फाटलं तर ग्लू चांगला. ग्लूच्या रेषेवरच स्वच्छ सुटलं तर तो डबा टाका.