फोल्डर काढणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिताना : माझा अनुभव

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या ऑफिसकडे गेल्या वर्षी एका पतसंस्थेचं काम आलं. स्कॅन केलेले कागद एआय एजंटने, म्हणजे भाषा समजणाऱ्या एआय मॉडेलवर चालणाऱ्या आणि स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रॅमने, योग्य फोल्डरमध्ये लावायचे आणि स्कॅनरने मागे ठेवलेले तात्पुरते फोल्डर काढून टाकायचे. काढण्याच्या टूलचा, म्हणजे एजंट हे काम करायला जो छोटा प्रोग्रॅम वापरतो त्याचा, कोड सहकाऱ्याने लिहिला, डॉक्युमेंटेशन माझ्या वाट्याला आलं.

मी इतकी वर्षं माणसांसाठी मॅन्युअल लिहीत आले आहे. माणूस अडला की मॅन्युअल उघडतो आणि महत्त्वाचं काही पुसायचं असेल तर शेजारच्याला एकदा विचारतो. एजंटला शेजारी नसतो. टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याचा आराखडा एवढ्यावरच मॉडेल ठरवतं. एजंटला टूल जोडण्यासाठी आम्ही मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही ठरलेली पद्धत वापरतो. अँथ्रोपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. त्यात टूल विध्वंसक आहे अशी खूण करता येते, पण ती फक्त सूचना असते. ती पाळायची की नाही हे समोरच्या प्रोग्रॅमवर. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवलं, जे होता कामा नये ते कोडमध्येच अडवायचं. वर्णनात फक्त खरं लिहायचं.

सहकाऱ्याने वर्णनात एकच ओळ टाकली होती : दिलेला फोल्डर डिलीट करते. रिकामा नसेल तर? टूल पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. तिच्यातली ओएस.आरएमडीआयआर ही आज्ञा फक्त रिकामा फोल्डर काढते, शटिल.आरएमट्री ही आज्ञा आतल्या सगळ्यासकट. आत सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा नुसता दुवा, असेल तर? आरएमट्री लिंक काढतं, पलीकडचा फोल्डर शाबूत राहतो. काढलेलं परत मिळतं का? संस्थेतल्या सगळ्यांचा समज होता की रिसायकल बिनमध्ये सापडेल. पण पायथॉनचं आरएमट्री बिनकडे काही पाठवतच नाही, आणि नेटवर्कवरच्या शेअर्ड ड्राइव्हवरून विंडोजमध्ये हाताने डिलीट केलेलंसुद्धा एरवी बिनमध्ये जात नाही. परत मिळत नाही असं लिहायला माझा हात धजेना. मी कोडच बदलून मागितला. आता फोल्डर त्याच ड्राइव्हवरच्या एका राखीव जागी जातो आणि 30 दिवसांनी खरोखर पुसला जातो.

मग शहापुरातल्या संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसले, कारण खरी नावं बघितल्याशिवाय उदाहरणं लिहिता येत नव्हती. काही फोल्डर मराठीत, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे बेळगाम नावाचा एक ढीग आणि बेळगावी नावाचा दुसरा. बाहेरच्याला पहिला ढीग जुनी प्रत वाटावा, पण दोन्हींत वेगवेगळी खाती. आणि यादीत 'शेतकऱ्यांच्या पावत्या' चक्क दोनदा! रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, "दिसायला एकच हाईत की वो ताई. पण ह्यात यंदाचं हाय, त्यात जुनं. दोन्ही लागतंय."

एकाच ठिकाणी दोन सारखी नावं विंडोज ठेवू देत नाही, म्हणून अक्षरं उलगडून पाहिली. एका नावात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं. दुसऱ्यात र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. अक्षरांना संगणकात क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये वेगळ्या तऱ्हेने लिहिलेली सारखी अक्षरं एकरूप करायची सोय आहे, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. पण ते नेहमीचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. एजंटने नाव स्वतः टाइप केलं तर कोणता फोल्डर हाती लागेल याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही टूलमधून नाव घेणंच बंद केलं. आधी यादी मागायची, यादीत मिळालेला आयडी द्यायचा. वर्णनात मी लिहिलं : नावं सारखी आहेत एवढ्यावरून फोल्डर डुप्लिकेट समजू नये.

सगळ्यात जास्त वेळ एरर लिहिण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता असं माझं ठाम मत आहे. एजंट एरर वाचतो आणि पुढचं पाऊल त्यावरूनच टाकतो. नुसतं 'फोल्डर सापडला नाही' म्हटलं की चाचणीत तो मिळतंजुळतं नाव शोधायला लागायचा. आता ती एरर अशी आहे : "या आयडीचा फोल्डर नाही. काहीही काढलेलं नाही. दुसरा फोल्डर निवडू नका. यादी पुन्हा मागा. तरीही नसेल तर वापरणाऱ्याला सांगा." कुणाकडे आतली फाइल उघडी असल्यामुळे विंडोजने अडवलं, तर तसं सांगून पुन्हा प्रयत्न न करण्याची सूचना दिली. काही काढलं गेलं की नाही, हे मात्र प्रत्येक एररमध्ये स्पष्ट लिहिलं.

ड्राइव्हच्या नकलेवर चाचणी घेताना एजंटला मुद्दामच मोघम सांगितलं, जागा कमी पडतेय, बघ जरा. त्याने जुन्या वर्षांच्या फोल्डरांकडे मोर्चा वळवला. तेव्हा स्कॅनरच्या फोल्डराबाहेरचा कुठलाही आयडी टूल नाकारेल असं कोडमध्ये घातलं, आणि जागा कमी आहे एवढ्या कारणावरून हे टूल वापरू नये असं वर्णनात.

काकू दर शनिवारी काढलेल्या फोल्डरांची यादी छापून घेतात आणि राखीव जागेशी ताडून बघतात. कन्नड नावांची तपासणी अजून बाकी आहे. तिथेही जोडचिन्हामुळे एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो. ते काम गोकाकच्या आमच्या सहकाऱ्याने अंगावर घेतलंय.