ओसाकाच्या करीत तिरफळाचा भाऊबंद

ओसाकातलं उमेदा म्हणजे उंच इमारती आणि न संपणारे भुयारी रस्ते. तिथून तानिमाची मेट्रो लाइनने एकच स्टेशन पुढे गेलं की नाकाझाकीचो लागतं. महायुद्धातल्या बॉम्बफेकीतून हा भाग बराचसा वाचला, म्हणून चाळीसारखी एकाला एक लागलेली लाकडी घरं इथे अजून टिकून आहेत. त्यांतल्या अनेकांचे आता कॅफे झालेत. आम्ही शिरलो त्यात जेमतेम आठ-दहा माणसं मावतील. फळ्यावर तैवानचा लू रौ फान (डुकराचं शिजवलेलं मांस आणि भात), थाई गापाओ (तुळशीत परतलेलं मांस आणि भात), ओकिनावाचा टॅको राइस (भातावर टॅकोचं सारण) आणि शेवटी दोन ‘स्पाइस करी’.

जपानी घरातली करी वेगळी. ती मेइजी काळात (१८६८-१९१२) इंग्रजांमार्फत आली, त्यामुळे मैद्याने दाट केलेली, गोडसर. मला ती कधीच फारशी झेपली नाही. ओसाकाची स्पाइस करी पिठाला हातही लावत नाही. अख्खे मसाले तेलात परतायचे आणि पुष्कळदा रश्शात दाशी, म्हणजे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुका मासा यांचं पाणी, घालायचं. मसाले या शहराला नवे नाहीत. इथल्या दोशोमाची पेठेत औषधांचे घाऊक व्यापारी हळद, लवंग, दालचिनी काढ्यांसाठी विकायचे. जपानची पहिली देशी करी पावडरही १९०५ साली ओसाकातल्याच एका औषधविक्रेत्याने बाजारात आणली.

आम्ही ‘आइगाके’, म्हणजे एकाच ताटलीत दोन्ही करी, मागवली. मधोमध भाताचा उंचवटा, एका अंगाला चिकनचा पातळ रस्सा, दुसऱ्या अंगाला डुकराच्या मांसाचा खिमा, हळदीने पिवळं झालेलं अर्धं अंडं आणि लाल कोबीचं आंबट लोणचं. रश्शाचा पहिला घोट घेतला तर जिरं आणि वेलची लगेच ओळखू आली. मागून दाशीची चव, आपल्या सोड्यांच्या आमटीसारखी. खिम्यावर मात्र हिरवट भुकटी भुरभुरलेली होती. दोन घासांत ओठ झिणझिणायला लागले. हा सान्शो! कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणाऱ्या तिरफळाच्याच कुळातला, पण वासाला लिंबाकडे झुकणारा. इतक्या लांब येऊन जिभेला सगळ्यात ओळखीचं वाटलं ते हेच, मसाले नव्हे.

तक्रार एकच, भाताची. आखूड दाण्याचा चिकट भात सुशीला उत्तम, पण पातळ रस्सा त्यात मुरतच नाही, नुसता बाजूने वाहतो. शिवाय आपल्या भुकेला ताटली लहानच. (टॅको राइस मागवावा लागला, तो झकास होता.)

जायचं तर बाराच्या आत पोचा. अशा ठिकाणी करी मोजकीच रांधतात, संपली की दुकान बंद. शाकाहारी असाल तर दाशीबद्दल आधी विचारून घ्या, कारण भाज्यांच्या करीतही मासा असू शकतो.