ओमाहाचं तिकीट: पैसे गेले, तिकीट हाती येईना

आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं सवडीने वाचा. तिकिटांच्या ॲपवर तुमचं खातं असेल तर ते कुठल्या फोन नंबरला जोडलंय ते आत्ताच बघा. मॅच तोंडावर आल्यावर बघू म्हणाल तर माझ्यासारखे दोन दिवस जातील.

जून 2024 मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा बेसबॉल संघ कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल स्पर्धेच्या, अंतिम फेरीत पोचला. आमच्या विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच. मी 2009 ते 2011 तिथेच, कॉलेज स्टेशन नावाच्या गावात, एमएस करत होतो. क्रिकेटवर वाढलेला माणूस, बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. एका रूममेटने ऑल्सेन फील्डवर, म्हणजे विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानावर, ओढून नेलं. समोरच्या पिचरचे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचे, चार बॉल वाईट पडले आणि बॅटर फुकट पहिल्या बेसवर गेला, की आमचं सगळं पब्लिक तिथेच थांबत नाही. 'बॉल फाइव्ह', 'बॉल सिक्स' असं पुढे मोजत राहतं, त्या पिचरचा नीट बॉल, म्हणजे स्ट्राइक, पडेपर्यंत. त्या संध्याकाळी माझा घसा बसला आणि मी या संघाचा झालो तो कायमचाच. 2011 ला, मी तिथे असताना, आमचा संघ याच स्पर्धेसाठी ओमाहाला गेला आणि दोन मॅच हरून परत आला. तेव्हा खिशात पैसे नव्हते म्हणून गेलो नाही. कधी अंतिम फेरीत पोचले तर जायचंच, हे तेव्हापासून डोक्यात होतं.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देशभरातून 64 संघ सुरुवात करतात, त्यातले आठ नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात येतात. 1950 पासून ही स्पर्धा तिथेच होते. आठांचे चार-चारचे दोन गट, दोनदा हरला की घरी. दोन गटांचे विजेते मग तीन मॅचची अंतिम मालिका खेळतात, दोन जिंकेल तो विजेता. तिकीट मात्र संघाच्या नावावर मिळत नाही, मॅचच्या क्रमांकावर मिळतं. आपला संघ जिंकला की एका क्रमांकाची मॅच, हरला की दुसऱ्या क्रमांकाची. त्यामुळे गटातल्या मॅचची तिकिटं आधी घेणं म्हणजे अंदाजावर पैसे लावणं. अंतिम मालिकेची तारीख पक्की असते, पण आपण तिथे असू की नाही हे पक्कं नसतं. मित्र म्हणत होता, आधीच घेऊन ठेव, स्वस्त पडतील. मी घेतली नाहीत. आधीच पेढे वाटायचे नाहीत, असं आमच्या घरी आहे.

तेव्हाचे दिवस आठवले की अजून छातीत धडधडतं. ओमाहाला पोचायच्या आधीच्या फेरीत आमचा सगळ्यात मोठा बॅटर ब्रेडन मॉन्टगोमेरी याचा घोटा मोडला. आता संपलं असं वाटलं होतं. पण पोरं थांबली नाहीत. फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये, नवव्या इनिंगला, आमच्या जेस लाव्हायोलेटने कुंपणावर उडी मारून बाहेर जाणारा होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा फटका, हातात घेतला आणि आम्ही 3-2 ने जिंकलो. माझा दहा वर्षांचा मुलगा लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतो. तो झेल त्याने सोफ्यावरून उडी मारून शंभरदा तरी करून दाखवला असेल. मग केंटकीला 5-1, पुन्हा फ्लोरिडाला 6-0. शेवटचा बॅटर बाद झाला त्याच मिनिटाला मी फोन हातात घेतला.

विद्यापीठाच्या वाट्याला येणारी तिकिटं आधी मोठ्या देणगीदारांकडे जातात, तिथे माझा नंबर लागणं शक्य नव्हतं. म्हणून तिकिटं पुन्हा विकणाऱ्या एका साइटवरून टेनेसीविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या, शनिवारच्या पहिल्या मॅचची दोन घेतली. दोघांचे मिळून जवळजवळ 500 डॉलर. पैसे कापले गेले, पावती आली. गुरुवारी दुपारी मेल आला की विकणाऱ्याने तिकिटं पाठवली आहेत, ॲपमध्ये जाऊन स्वीकारा.

इथे माझं घोडं अडलं.

ॲपमधलं माझं खातं विद्यार्थीदशेतलं. तेव्हा आम्ही पाच मराठी मुलं मिळून फोनचा एकच फॅमिली प्लॅन घ्यायचो, महिन्याला प्रत्येकी थोडे पैसे पडायचे. खात्याला तोच नंबर. मी नोकरी लागल्यावर तो सोडला, आज तो कुणाकडे आहे देव जाणे. ॲपने मला आत घ्यायच्या आधी त्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवला. परत मागितला, परत तिकडेच गेला. मेलवर कोड मागायची सोय शोधून शोधून दमलो, सापडली नाही.

ॲपवाल्यांना फोन केला. 40 मिनिटं तीच धून ऐकल्यावर एक जण बोलला. नंबर बदलायचा तर ओळखपत्राचा फोटो पाठवा, तपासायला तीन ते पाच कामाचे दिवस लागतील. मी म्हटलं, मॅच परवा आहे. तो म्हणाला, मग ज्या साइटवरून घेतलीत त्यांना सांगा. त्या साइटला सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याकडे तिकिटं पोचल्याची नोंद आहे, आमचं काम झालं, ॲपवाल्यांशी बोला. नवीन ईमेलने नवीन खातं उघडलं तर ती तिकिटं त्या खात्यात दिसेनात, कारण ती जुन्या ईमेललाच बांधलेली. विकणाऱ्याशी थेट बोलता येत नाही, त्याचं नावही कळत नाही. माझे पैसे, माझी तिकिटं, दोन्हीकडे नोंद बरोबर, आणि दोन्हीकडची माणसं मला एकमेकांकडे ढकलत होती. अजूनही हे लिहिताना राग येतो.

शुक्रवारी दुपारी तरीही निघालो. टेक्ससमधल्या प्लेनोहून, म्हणजे आमच्या घरून, आय-35 हायवेने कॅन्सस सिटी आणि पुढे आय-29. बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. पोराने वाटेत चार वेळा विचारलं, बाबा, तिकिटं आली? मी प्रत्येक वेळी 'येतील' म्हटलं. ओमाहातल्या हॉटेलांचे भाव त्या आठवड्यात परवडण्यासारखे नसतात, म्हणून रात्री मिझुरीतल्या सेंट जोसेफला थांबलो. तिथून दोन तासांचा रस्ता आहे, सकाळी आरामात पोचता येतं. तो झोपला आणि मी बाथरूमचं दार लावून रात्री दीड वाजेपर्यंत चॅटवर होतो. तीन वेगवेगळ्या माणसांना तीच कथा पहिल्यापासून सांगितली. प्रत्येकाने माफी मागितली आणि तेच दोन परिच्छेद पुन्हा चिकटवले.

शनिवारी सकाळी साइटला पुन्हा फोन. या वेळी मी तक्रार सांगितलीच नाही. सरळ मागणी केली: विकणाऱ्याला सांगा, पाठवलेली तिकिटं परत घे आणि या दुसऱ्या ईमेलवर पाठव. ईमेल बायकोचा. तिच्या नावाने तिने घरी बसून नवीन खातं उघडलं होतं, तिच्या चालू नंबरवर. फोनवरच्या बाईंना हे लगेच पटलं. जोवर आपण तिकीट स्वीकारलेलं नाही तोवर पाठवणारा ते मागे घेऊ शकतो. हे मला गुरुवारीच कुणी सांगितलं असतं तर! विकणाऱ्याला निरोप देते म्हणाल्या, पण तो कधी बघेल याची खात्री नाही.

आयोवाच्या बाजूला गाडी लावून मिझुरी नदीवरच्या बॉब केरी पुलावरून चालत गेलो. पुलावर दोन राज्यांची सीमा आखलेली आहे. पोरगा एक पाय आयोवात आणि एक नेब्रास्कात ठेवून उभा राहिला, फोटो काढ म्हणाला. माझं सगळं लक्ष फोनमध्ये, पण काढला. स्टेडियमबाहेर खेळाडूंचा तो ब्राँझचा पुतळा आहे, 'रोड टू ओमाहा'. त्याच्याभोवती आमचे मरून शर्ट आणि टेनेसीचे नारिंगी शर्ट. अनोळखी माणसं पोराला 'हाउडी' म्हणत होती, आमच्या विद्यापीठाचा तो नमस्कारच. ऊन मी म्हणत होतं. चार वाजून दहा मिनिटांनी बायकोचा फोन आला: "आली रे! दोन्ही आली." तिच्या आवाजातच रडू होतं.

स्क्रीनशॉट चालत नाही, बारकोड सतत हलत असतो. म्हणून तिचं खातं माझ्या फोनवर उघडलं, तिला आलेला कोड तिने वाचून दाखवला. गेटवर हिरवा दिवा लागला तेव्हा मी पोराचा हात घट्ट धरला होता. बॅग पारदर्शकच लागते, हेही लक्षात ठेवा. आमच्या पुढच्या बाईंना पर्स ठेवायला परत गाडीपर्यंत जावं लागलं.

साडेसहाला मॅच सुरू झाली आणि आमच्या गॅव्हिन ग्राहोव्हाकने डावाच्या सुरुवातीलाच होमरन मारला. आम्ही 9-5 ने जिंकलो. 'बॉल फाइव्ह' ओरडून पोराचा आवाज गेला, माझा तर गेलाच होता.

तिसऱ्या मॅचचं तिकीट घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या. मालिका दोनातच संपली आणि ती मॅच झालीच नाही तर पैसे परत मिळतात. आम्हाला सोमवारी कामावर पोचायचं होतं, म्हणून रविवारी परत निघालो. गाडीत रेडिओवर दुसरी मॅच ऐकली. सातव्या इनिंगपर्यंत आम्ही 1-0 ने पुढे होतो, मग टेनेसीने होमरन मारला आणि गाडीत कुणीच बोलेना. सोमवारी घरी टीव्हीसमोर बसलो. 6-1 ने मागे असताना पोरांनी 6-5 पर्यंत आणलं, आणि तिथेच संपलं. मला या संघाचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

खात्यावरचा फोन नंबर बदलल्याचा मेल मला त्यानंतरच्या शुक्रवारी आला.