बंदराच्या तोंडाशी कॅप्टन का थांबतो

कॅप्टन जहाज हजारो मैल आणतो आणि बंदराच्या तोंडाशी येऊन थांबतो. तिथून आत न्यायला पायलट लागतो. नागपुरात पायलट म्हटलं की विमानाचाच. मी मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर होतो, तरी माझ्या भाच्यानंही परवा विचारलंच, “मामा, जहाज तर कॅप्टनच चालवते नं? मंग हा पायलट कायले?”

कारण भर समुद्रात पाणी खोल असतं. खरा धोका किनाऱ्याजवळ: गाळ, खडक, भरती-ओहोटीची ओढ, अरुंद वाट. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते अचूक सांगतं. पण अमुक वळणावर ओहोटी जहाजाचं नाक कुठे खेचते, हे त्या पाण्यात रोज वावरणाऱ्यालाच ठाऊक. गंमत म्हणजे हुकूम पायलट देत असला तरी जबाबदारी कॅप्टनचीच राहते. पनामा कालव्यात मात्र जहाज खरोखरच पायलटच्या ताब्यात जातं.

थर्ड मेट, म्हणजे जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी, असताना पायलटला घ्यायला मीच शिडीपाशी जायचो. हातात वॉकीटॉकी, शेजारी दिवा लावलेला लाइफबॉय, म्हणजे पाण्यात पडलेल्याला तरंगतं ठेवणारं कडं. मनिला दोराची, लाकडी पायऱ्यांची शिडी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला सोडायची. खाली पायलटची बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. बोट लाटेच्या माथ्यावर आली की त्याच क्षणी शिडी पकडून वर सरकायचं. बोट खाली असताना शिडी धरली, तर पुढच्या लाटेनं वर येणारी बोट पाय चिरडते. चढण ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर शिडीला जोडून गँगवे, म्हणजे जहाजाच्या बाजूचा तिरपा जिना, लावायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तरीही कुजक्या दोरांमुळे, नीट न बांधलेल्या शिड्यांमुळे पायलट आजही जिवाला मुकतात. याला माझ्या लेखी माफी नाही. शिडी तपासायला दहा मिनिटं पुरतात.

पायलट ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, पोचला की पांढरा-लाल झेंडा चढतो. जहाजाचा ड्राफ्ट (ते पाण्यात किती खोल बुडलंय), इंजिनाची ताकद यांची माहिती घेऊन तो काम सुरू करतो. “पोर्ट टेन,” म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश. सुकाणूवरचा खलाशी तेच शब्द परत म्हणतो, मग चाक फिरवतो.

या विद्येची खरी परीक्षा हुगळीवर. समुद्रापासून कोलकात्यापर्यंत दोनशेच्या वर किलोमीटर नदी, आणि तिच्यातले वाळूचे दांडे सतत जागा बदलतात. त्यातल्या एका कुप्रसिद्ध दांड्याला १६९४ साली तिथे बुडालेल्या ‘रॉयल जेम्स अँड मेरी’ या जहाजाचंच नाव पडलंय. मोठी जहाजं भरतीचं पाणी धरून वर सरकतात. वेळ चुकली की पुढच्या भरतीची वाट बघायची. याच नदीवर रेश्मा निलोफर नाहा पायलट झाल्या. भारतातली पहिली बाई. आपल्या मुलींना हे नाव माहीत हवं.

पण ही विद्या इंग्रजांनी आणलेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं भडोचबद्दल लिहून ठेवलंय: नर्मदेचं मुख अवघड, म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे. परदेशी जहाजं ते उथळ जागांतून काढायचे, दोरानं ओढायचे, भरतीबरोबर पुढे न्यायचे आणि ओहोटीत ठरलेल्या जागी नांगरायचे. म्हणजे आजचं सगळं कामच! त्याच भडोचचा सुप्पारक हा नाविक बौद्ध जातककथेत भेटतो. खाऱ्या पाण्यानं दृष्टी गेलेला, तरी व्यापारी त्यालाच जहाजावर नेतात आणि समोर काय दिसतं ते त्याला सांगत राहतात. त्यावरून तो समुद्र ओळखतो. दीक्षाभूमीच्या या गावात ही कथा घरोघरी सांगितली जावी.

भाच्याला मी अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदराचंही सांगितलं. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते अवाढव्य धूड पुलाकडे जाऊ लागलं. जहाजावरचे खलाशी बहुतेक आपलेच, भारतीय. पायलटनं नांगर टाकायला लावला, टग (जहाज ओढणाऱ्या ताकदवान बोटी) मागवले आणि पूल बंद करा असा निरोप धाडला. जहाज थांबलं नाही, पण पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली. पुलावर रस्त्याचं काम करणारे सहा मजूर मात्र गेले. तो निरोप गेला नसता तर किती गाड्या पाण्यात गेल्या असत्या!

आपल्या नागपुरातून कंटेनर रेल्वेनं बंदराकडे जातात, आणि तिथून निघणारं प्रत्येक मोठं जहाज असाच कुणीतरी बाहेर काढून देतो. आपली मुलं तिथे का नसावीत? बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. नजर चांगली हवी, रंग नीट ओळखता यायला हवेत. मग आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, प्रवेशपरीक्षा, आणि पुढे समुद्रावरची बरीच वर्षं. कुणाच्या घरी असं पोर असेल तर खुशाल पाठवा. रविवारी सकाळी मी घरीच असतो.