गडग्याजवळचा बॉल: गोल्फच्या नियम 16.1 ची सराव-नोंद

या टप्प्यात फक्त नियम 16.1 घेतला: हलवता न येणाऱ्या अडथळ्यापासून दंडाशिवाय रिलीफ, म्हणजे बॉल उचलून जवळच दुसरीकडे टाकायची मुभा. कोकणातल्या खेळाडूने तो गडग्यावरच (रचलेल्या दगडी कुंपणावर) घोटावा.

आधी बघायचं, गडगा हद्दीचा आहे का. हद्दीचा असेल तर स्टान्सला (मारण्यासाठी पाय रोवून उभं राहण्याला) कितीही अडो, फुकट रिलीफ नाही. कोर्सच्या आतला रचलेला गडगा मात्र ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे नियमातला अडथळा (कमिटीने तो कोर्सचाच अविभाज्य भाग ठरवला नसेल तर). चिऱ्यांची पाखाडी (बांधलेली वाट) हीही ऑब्स्ट्रक्शन, मळलेली पायवाट नाही. बॉल गडग्याला टेकला असेल किंवा गडगा स्टान्सला वा स्विंगला आड येत असेल तरच रिलीफ. नुसता होलच्या रेषेत आला, तर नाही; बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) असेल तेवढाच अपवाद. बॉल पेनल्टी एरियात (ओढा, तळं अशा आखून दिलेल्या भागात) असेल तर हा नियम चालतच नाही.

खरी गफलत पुढे होते. गडगा नसता तर जो क्लब (गोल्फची काठी) मारला असता, तोच घेऊन स्टान्स लावून बघायचा. होलच्या जवळ न जाता, गडगा पूर्ण सुटेल असा सगळ्यात जवळचा बिंदू एकच असतो. ‘बरी बाजू’ निवडता येत नाही. तो बिंदू करवंदीच्या जाळीत आला तरी तोच. स्थानिक नियमाने मनाई नसेल तर तो गडग्यापलीकडेही येऊ शकतो. म्हणून बिंदू ठरवल्याशिवाय बॉल उचलूच नका. उचलून मग बेत बदलला, तर परत ठेवताना एक दंडाचा फटका बसतो.

बिंदूवर टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खोचा. तिथून एक क्लबभर मापायचं ते पटर (ग्रीनवर बॉल ढकलायचा क्लब) सोडून पिशवीतल्या सगळ्यात लांब क्लबने, म्हणजे बहुधा ड्रायव्हरने. बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. तो त्या क्लबभर जागेतच थांबला पाहिजे. दोनदा बाहेर गेला, तर दुसऱ्यांदा जिथे जमिनीला पहिल्यांदा टेकला तिथे ठेवा. असा बॉल सोडल्यावर (ड्रॉपनंतर) टाच अजून गडग्याला लागत असेल तर रिलीफ पूर्ण झालेला नाही. तसाच मारलात तर चुकीच्या जागेवरून खेळल्याचे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटके.

पावसात साचलेल्या पाण्यालाही हीच रीत, पण स्टान्स घेण्याआधी किंवा घेतल्यावर पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे. नुसती मऊ, ओली माती चालत नाही.

पुढचा टप्पा नियम 15: हलवता येणाऱ्या वस्तू. बंकरमधला (वाळूच्या खड्ड्यातला) रेक, म्हणजे वाळू सारखी करायचा दाताळा, काढताना बॉल हलला तर दंड नाही, फक्त बॉल जागेवर ठेवायचा. पडलेली झावळी, म्हणजे नैसर्गिक वस्तू, उचलताना हलला, तर ग्रीन सोडून इतरत्र एक फटका.